शनिवारची सुटी कोणी दिली?



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘परदेशातील एक शहर’ या विषयावर बोला म्हणून आम्हांला निरोप पाठविला, तेव्हा आम्हांला प्रथम हसू आले. आम्ही प्रवासी नव्हे. आमचा बहुतेक प्रवास एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून जळगाव ते धुळे, धुळे ते अमळनेर, अमळनेर ते चाळीसगाव असा झालेला. तोही कोणाची पगारवाढ अडली, कोणाला कामावरून कमी केले, एवढ्याच निमित्ताने. शिक्षण म्हणाल तर शाळा सातवीला सुटली आणि डाळमिलमध्ये पोती वाहू लागलो. पुढचे जे काही शिकलो ते वल्लभदास वालजी वाचनालयाच्या बाकांवर आणि संघाच्या कचेरीत. तेव्हा परदेशातील शहर आम्ही काय वर्णावे? परंतु एक प्रश्न आमच्या मनात दोन वर्षे घोळत होता. त्याचे उत्तर शोधताना एका युरोपीय शहरात घालविलेल्या दोन दिवसांची आठवण वारंवार झाली. म्हणून हे आमंत्रण स्वीकारले.

प्रश्न आमचा नव्हे. तो धुळ्याच्या एका म्हाताऱ्या गिरणीकामगाराचा. त्यांची नोकरी साचेखात्यात गेली. गिरणी बंद पडली तेव्हा हिशेबाचे पैसे मिळविण्यासाठी ते आमच्याकडे खेपा घालीत, तेव्हापासूनची ओळख. त्यांचा नातू शिकला, जर्मनीत म्युनिक शहरी मोटारींच्या कारखान्यात अभियंता झाला. एके दिवशी त्याने पॅरिसहून छायाचित्रे पाठविली. शुक्रवारी संध्याकाळी काम सुटल्यावर गाडीत बसला, शनिवार-रविवार पॅरिस पाहिले, खाल्ले-प्याले आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर. आयफेल मनोरा, नदीवरचे पूल, पदार्थांनी भरलेले टेबल, असे सगळे त्या चित्रांत होते. घरातली मंडळी मनोऱ्याचे कौतुक करीत होती. म्हाताऱ्याने मात्र चष्मा पुसून आम्हांला विचारले, “रविवारनं समजनं. पन शनवारनी सुट्टी त्याले कोनी दिन्ही?”

घरातले सगळे हसले. आम्हांला हसू आले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हजेरीपटाकडे पाहून दिवस मोजले, त्याला मनोऱ्याच्या उंचीपेक्षा सुटीचा हिशेब मोठा वाटावा, हे अगदी स्वाभाविक आहे. आज आपण त्या प्रश्नाचा इतिहास पाहू.

प्रथम आमच्या दोन दिवसांची हकीकत सांगतो.

सन २०१९ च्या जून महिन्यात जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची परिषद भरली होती. संघटनेच्या स्थापनेला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती. कामगार संघांच्या मंडळींबरोबर एक निरीक्षक म्हणून आम्हांला जाण्याची संधी मिळाली. परिषदेचे काम सोमवार ते शुक्रवार चाले. मधला शनिवार आणि रविवार, म्हणजे जूनची १५ आणि १६ तारीख, मोकळे मिळाले. आयुष्यात प्रथमच आमच्या वाट्याला सलग दोन दिवस असे आले, की ज्यांत ना सभा, ना घेराव, ना लेबर ऑफिसची तारीख.

शुक्रवारची संध्याकाळही विसरण्यासारखी नव्हती. त्या दिवशी, १४ जूनला, साऱ्या स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांनी संप पुकारला होता. १९९१ साली याच तारखेला त्यांनी पहिला असा संप केला होता आणि अठ्ठावीस वर्षांनी तो पुन्हा झाला. समान कामाला समान वेतन मिळावे, घरकामाची गणना काम म्हणून व्हावी, अशा मागण्या होत्या. लाखो स्त्रिया देशभर रस्त्यावर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही शहर पाहायला निघालो तेव्हा घराघरांच्या सज्ज्यांवर जांभळी निशाणे तशीच फडकत होती. श्रीमंतांचे, बँकांचे, घड्याळांचे म्हणून ज्या शहराची ख्याती, त्याने आमचे स्वागत संपाच्या निशाणांनी केले, हा योग आम्हांला मोठा शुभ वाटला!

शनिवारी आम्ही खूप पायपीट केली. सरोवराच्या काठाने चालत गेले की श्रम संघटनेची जुनी इमारत लागते. १९२६ साली ती बांधली. आता तेथे जागतिक व्यापार संघटनेचे कार्यालय आहे. तिच्या फाटकाला तीन कुलपे आहेत. सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या किल्ल्या एकत्र आल्यावाचून फाटक उघडू नये, अशी ती कल्पना. आम्ही त्या कुलपांपाशी बराच वेळ उभे राहिलो. आमच्याकडे वाटाघाटीत तिसरी किल्ली बहुधा हरवलेली असते, असे आमचे एक सोबती म्हणाले, आणि त्यावर कोणालाच काही बोलता आले नाही.

पुढे सरोवरातले ते प्रसिद्ध कारंजे पाहिले. त्याचे पाणी सुमारे १४० मीटर उंच उडते. उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा पाहिलेल्या आम्हां खानदेशी माणसांना ते पाणी असे आकाशात उधळलेले पाहून क्षणभर काळजीच वाटली; पण ते सरोवरातले पाणी सरोवरातच पडते हे ध्यानात आल्यावर जीव भांड्यात पडला. बागेत फुलांचे घड्याळ पाहिले. नदीतल्या एका लहानशा बेटावर रूसोचा पुतळा आहे. घड्याळजीचा मुलगा, १७१२ साली याच शहरात जन्मलेला. त्याचे ग्रंथ १७६२ साली याच शहराने जाळले आणि पुढे याच शहराने त्याचा पुतळा उभारला. विचार जाळता येत नाहीत असे आपण सभांतून म्हणतो, ते येथे डोळ्यांनी दिसले. चढ चढून जुन्या गावात गेलो, सेंट पीटरचे देवालय पाहिले, खालच्या बागेतल्या भिंतीवर कॅल्विन आणि त्याच्या सोबत्यांच्या धिप्पाड मूर्ती पाहिल्या. वाटेत ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे हौद आहेत, त्यांचे पाणी प्यालो. दुपारी एका बाकावर बसून घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शहर महाग. साध्या खाणावळीत एका थाळीला पंचवीस-तीस फ्रँक पडत. फ्रँकचा भाव तेव्हा सत्तर रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एका जेवणात आमच्या चटई कारखान्यातल्या बाईची कित्येक दिवसांची मजुरी खर्च व्हावी!

रविवारी दशम्या संपल्या. पाव आणि फळे घ्यावीत म्हणून आम्ही निघालो. पहिले दुकान बंद. दुसरे बंद. तीन रस्ते पालथे घातले, सगळीकडे झडपा खाली. ऊन चढू लागले, पोटात कावळे ओरडू लागले आणि आम्ही चिडलो. “एवढे श्रीमंत शहर आणि रविवारी माणसाला पाव मिळू नये? आमच्या जळगावला रात्री बारालाही पोहे मिळतात!” असे आमच्या तोंडून निघून गेले.

बोलून गेलो आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. तीस वर्षे ज्याने साप्ताहिक सुटीसाठी कारखान्यांच्या दारांत आरडाओरड केली, तोच माणूस दुसऱ्याच्या सुटीमुळे स्वतःचा पाव अडला म्हणून चिडतो! गिऱ्हाईक झालो की आपण किती लवकर मालकासारखे बोलू लागतो, हे त्या बंद झडपेने आम्हांला शिकविले. स्वित्झर्लंडच्या कायद्यात रविवारी काम घेण्यास मुळात मनाई आहे. खाणावळी, रेल्वे स्थानके, रुग्णालये यांना तेवढे अपवाद आहेत. स्थानकावरचे दुकान उघडे आहे असे कळल्यावर तेथे गेलो. गल्ल्यावरची बाई पोर्तुगालहून आलेली होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही विचारले, तुम्हांला सुटी कधी? तिने शांतपणे बोटे दाखविली: या आठवड्यात मंगळवार आणि बुधवार.

मग दुपारी सरोवरात धक्क्यावर बांधलेल्या सार्वजनिक स्नानघाटावर गेलो. १९३२ सालचा हा घाट पाडून नवा बांधण्याचा बेत झाला होता. १९८८ साली नागरिकांनी मतदान करून तो वाचविला. तेथे गरीब-श्रीमंत एकाच पाण्यात पोहतात आणि एकाच पाटावर जेवतात. चौदा फ्रँकांना दिवसाची थाळी मिळाली: मसुरीची थंडगार कोशिंबीर, उकडलेले बटाटे, पाव आणि चीज. डाळीच्या गावातले आम्ही, हजारभर रुपये देऊन मसूर खाल्ला! पण खरे सांगतो, तो गोड लागला. शेजारी एक गवंडी आपल्या मुलांना पोहायला शिकवीत होता. त्याच्याकडे पाहताना वाटले, या शहरातली पाहण्यासारखी वस्तू कारंजे नव्हे, भिंत नव्हे. ती ही आहे. काम करणारा माणूस रविवारी दुपारी आपल्या पोरांबरोबर पाण्यात आहे.

आता इतिहासाकडे वळू.

आमच्या देशात गिरणीकामगाराला रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी. त्यापूर्वी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले, आणि सुटी म्हणजे मालकाची मर्जी किंवा मोठा सण. सणाच्या दिवशीही अर्धा दिवस यंत्रे पुसायला बोलावीत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांचा दिवस आणि महिन्याला चार सुट्या दिल्या. मोठ्यांना काहीच नाही. हा अन्याय नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतला. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, मुंबई मिलहँड्स असोसिएशनचे संस्थापक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. इतक्या साध्या या मागण्या. त्यांतली पहिली पदरात पडायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर गिरणीमालकांच्या संघाने रविवार कबूल केला आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब झाले.

रविवारच का? साहेबाचा देवळात जाण्याचा वार म्हणून, असे बरेच लोक समजतात. पण रविवार हा खंडोबाचाही वार आहे. महाराष्ट्रातला कामकरी वर्ग खंडोबाचा भक्त. लोखंडे यांनी हा मुद्दा पुढे केला, असे सांगतात. युरोपातही रविवार आला तो प्रथम देवाच्याच नावाने. देवाने वार दिला. पण पोटाची मारामारी आणि मालकाचा हुकूम यांच्यापुढे देवाचा वार टिकत नाही. तो टिकविला संघटनेने. जिनीव्हात कॅल्विनच्या मूर्तीखाली उभे राहून आम्हांला जोतीरावांचे हे मित्र आठवले ते याच कारणाने. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने वारले. आपल्या खिशात तिकीट घालून रविवारी घराबाहेर पडणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव माहीत असेल?

आमच्या जळगावात खानदेश गिरणी १८७४ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे मुंबईचा रविवार उजाडण्याआधी पंधरा-सोळा वर्षे येथे भोंगा वाजत होता. पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. सुटीच्या दिवशी त्या काळचा कामगार काय पाही, काय खाई? धुळ्याचा माणूस पांझरेकाठी एकवीरादेवीच्या यात्रेला जाई. जळगावचा कार्तिकी एकादशीला रामाचा रथ ओढी. आठवड्याच्या बाजारात शेव-जिलेबीचा पुडा घेई. घरी कळण्याची भाकरी नि वांग्याचे भरीत, पाहुणा आला तर खापरावरचे मांडे. हेच त्याचे पर्यटन आणि हीच त्याची मेजवानी. आम्ही तिला कमी लेखीत नाही. पण तिलाही एक मोकळा दिवस लागे, आणि तो दिवस लढून मिळवावा लागला, एवढेच ध्यानी घ्यावे.

आता शनिवार. युरोपातला शनिवार हा रविवारापेक्षा लहान भाऊ. विलायतेतले जुने कारागीर रविवारी पिऊन सोमवारी कामावर येत नसत. या बिनकायद्याच्या सुटीला ते थट्टेने ‘संत सोमवार’ म्हणत. मोठे कारखाने आले, भोंगा आला, दंड आला आणि संत सोमवार हद्दपार झाला. त्याच्या बदल्यात कामगारांनी शनिवारची दुपार मागितली. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवावे असे ठरले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषही सुटू लागले. इंग्रजांचा फुटबॉल, त्यांच्या समुद्रकाठच्या सहली, त्यांचे शनिवारचे नाटक, या सर्वांची मुळे त्या दोनच्या ठोक्यात आहेत.

याच काळात सहलीचा धंदाही जन्माला आला. त्याचा जनक टॉमस कुक हा मूळचा सुतारकाम करणारा, दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली, ती दारूबंदीच्या सभेला. भाडे एक शिलिंग. बावीस वर्षांनी, १८६३ साली, त्याने आपली पहिली मंडळी स्वित्झर्लंडला नेली आणि ती जिनीव्हावरून गेली. म्हणजे परदेशी सहल नावाची जी वस्तू आज श्रीमंतीचे लक्षण मानली जाते, तिची सुरुवात स्वस्त तिकिटाच्या एका सभेपासून झाली!

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे, आणि ती आम्हांला फार मोलाची वाटते. १८६२ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. फ्रान्सच्या बादशहाने आपल्या कारागिरांना प्रतिनिधी निवडून ते प्रदर्शन पाहायला जाऊ दिले. हेतू असा, की यंत्रे पाहावीत, कसब शिकावे आणि मुकाट्याने परत यावे. कारागीर गेले, यंत्रे पाहिली, पण त्यांनी इंग्रज कामगारांच्या मजुरीची, कामाच्या तासांची आणि संघांचीही चौकशी केली. चहाच्या टेबलाशी ओळखी झाल्या. त्या ओळखींतून पत्रव्यवहार, पत्रव्यवहारातून सभा, आणि २८ सप्टेंबर १८६४ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन सभागृहात आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अधिवेशन १८६६ च्या सप्टेंबरात भरले ते जिनीव्हातच, आणि तेथे आठ तासांच्या दिवसाची मागणी मान्य झाली. कामगाराने परके शहर पाहिले तर काय होते, असे कोणी विचारले तर त्याला हे उत्तर द्यावे. जगातली कामगारांची पहिली मोठी जूट एका सहलीतून निघाली आहे.

त्यानंतरचा मार्ग लांब आहे, थोडक्यात सांगतो. १९१९ साली श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. आपल्याकडचे ना. म. जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले होते. जगासाठी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरला. हिंदुस्थानासाठी मात्र साठ! १९२१ च्या जिनीव्हा परिषदेने आठवड्यातून एक अखंड दिवस विश्रांतीचा ठराव केला आणि हिंदुस्थानाने १९२३ साली तो मान्य केला. आपले साठ तास १९३४ साली चोपन्नांवर आले. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळीत होते, त्या काळात १९४५ साली पगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६ साली आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. म्हणजे जगाला १९१९ साली जे देऊ केले, ते आमच्या कामगाराला मिळायला सत्तावीस वर्षे लागली.

फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जून महिन्यांत कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले. त्या संपानंतर जून महिन्यातच दोन कायदे झाले. एकाने वर्षातून पंधरा दिवसांची पगारी रजा दिली, दुसऱ्याने चाळीस तासांचा आठवडा. लिओ लाग्रांज नावाच्या तरुण मंत्र्याने कामगारांसाठी सवलतीचे रेल्वे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात लाखो फ्रेंच कामगारांनी समुद्र पाहिला, कित्येकांनी जन्मात प्रथमच. आपल्याच देशाचा समुद्र! मालकांच्या वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली. आज पॅरिसचे लोक सुटीवर निघतात तेव्हा कोणी टिंगल करीत नाही.

आणि जर्मनी? म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे नेमके उत्तर येथे आहे. १९५६ च्या मे दिनी पश्चिम जर्मनीतील कामगार संघांनी एक भित्तिपत्रक लावले. त्यावर एक लहान मूल होते आणि ते म्हणत होते, शनिवारी माझे बाबा माझे आहेत. पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी त्यांनी मुलाच्या तोंडी घातली. एक-एक तास कमी करीत धातुउद्योगात चाळीस तासांचा आठवडा आला तो १९६७ साली. मोटारींचा कारखाना हा धातुउद्योगच. तेव्हा आजोबा, तुमच्या नातवाची शनिवारची सुटी त्याच्या कंपनीने दिलेली नाही. त्याच्या जन्माआधी तेथल्या लोहारांनी, फिटरांनी, साचेवाल्यांनी वर्गणी भरून, संप करून ती कमावून ठेवली. तो तिच्या व्याजावर पॅरिस पाहून आला.

मराठी माणसाने युरोपातली शहरे पाहिली नाहीत असे नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली विलायतेला गेल्या आणि त्यांनी त्या प्रवासाची हकीकत लिहिली. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० च्या सुमारास घरोघर वाचली गेली. आम्ही तिची पाने सुटलेली प्रत वाचनालयात वाचली आणि पोट धरून हसलो. परंतु शिकायला किंवा सरकारी कामावर गेलेला माणूस शहर एका नजरेने पाहतो आणि राबलेला माणूस दुसऱ्या नजरेने. या दुसऱ्या नजरेचा मराठीतला मोठा प्रवासी म्हणजे अण्णा भाऊ साठे. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, शाळा न शिकलेला हा शाहीर १९६१ साली मॉस्कोला गेला आणि परत येऊन त्याने ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्या काळी त्या देशातही शनिवारची सुटी नव्हती. तेथे पाच दिवसांचा आठवडा आला १९६७ साली. इतकेच नव्हे, १९२९ पासून काही वर्षे तेथे सामाईक रविवारच मोडून काढला होता. यंत्रे अखंड चालावीत म्हणून सुट्या वाटून दिल्या. नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. १९४० साली रविवार परत आणावा लागला. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कामगारांच्या नावाने राज्य चालले म्हणजे कामगाराची सुटी सुरक्षित झाली असे नाही. ती दर पिढीला राखावीच लागते. असो. ज्या मॉस्कोला अण्णा भाऊ पाहुणे म्हणून गेले, तेथे २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. पायी निघालेला माणूस कोठवर पोहोचला पाहा!

काही मित्र आम्हांला म्हणतात, “कामगाराला आधी भाकरी द्या, मग सहली.” हा युक्तिवाद वरवर खरा वाटतो. पण भाकरी आणि फुरसत या सवती नव्हेत. फुरसतीत माणूस काय करतो याचा एक दाखला याच खानदेशात घडला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तारखा पाहा: २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, आणि प्रत्येक दिवस रविवार! सक्तमजुरीच्या कैद्यालाही आठवड्यात एक दिवस मोकळा होता, म्हणून मराठीला ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मिळाला. मोकळा दिवस माणसाला दिला तर तो फुकट जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी धुळ्याच्या त्या अठरा रविवारांचा विचार करावा.

आज आमच्याकडे काय आहे? महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. आम्हांला त्याचा आनंद आहे. पण त्याच कचेरीच्या दारातला रखवालदार ठेकेदाराचा, आणि त्याला रविवारही धड नाही. २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. नोकराला आळीपाळीने आठवड्याची सुटी द्यावी असे त्यात लिहिले आहे. लिहिलेले आणि मिळालेले यांत किती अंतर असते, हे जळगावच्या चटई कारखान्यात, डाळमिलमध्ये, धुळ्याच्या यंत्रमागावर, महामार्गावरच्या ढाब्यावर जाऊन कोणीही पाहावे. खाडा केला तर मजुरी बुडते. मग सुटी असून तिचा उपयोग काय? बिनपगारी सुटीला आमच्या भाषेत सुटी म्हणत नाहीत, बेकारी म्हणतात.

जळगावच्या स्टेशनाजवळ जेथे गिरणीचा भोंगा वाजे, तेथे आता बाजारसंकुल उभे आहे. शनिवार-रविवारी तेथे तरुण मंडळी फिरायला, खायला जातात. जरूर जावे. जिनीव्हाला, पॅरिसला जाता आले तर तेथेही जावे. डोळे भरून पाहावे, पोटभर खावे. आमचे म्हणणे एवढेच की, टेबलाशी बसताना वाढणाऱ्याला त्याची सुटी कोणत्या वारी असते ते विचारावे. दुकान बंद दिसले तर चिडू नये. तेथे कोणीतरी आपल्या मुलांबरोबर आहे असे समजावे.

हे सगळे आम्ही धुळ्याच्या त्या म्हाताऱ्यांना सांगायला गेलो. लोखंडे, लंडनचे प्रदर्शन, जर्मनीचे भित्तिपत्रक, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मान हलविली आणि उशाखालून नातवाचे ते छायाचित्र पुन्हा काढले. पॅरिसच्या खाणावळीचे. टेबलावर पदार्थ, खुर्चीत हसणारा नातू, आणि मागे ताटे घेऊन उभा असलेला एक सावळा पोरगा, अर्धा चौकटीबाहेर गेलेला. म्हाताऱ्याने त्या पोरावर बोट ठेवले आणि विचारले, “आनि याले?”

त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते आपणां सर्वांपुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.